सी अर्चिनचं अंडं: आधी जेली, मग कवच

उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावरच्या जांभळ्या सी अर्चिन या काटेरी समुद्री प्राण्याचं अंडं जेमतेम 0.08 मिलिमीटरचं. मादीच्या अरुंद छिद्रातून बाहेर पडताना ते घासतं, ताणलं जातं. हा जोर पारदर्शक जेलीचा थर स्वतःवर घेतो आणि शुक्राणूंनाही वाट देतो. मला तरी जेली आणि कवच या दोघांत जेलीचंच जास्त कौतुक वाटतं; इथे टणक कवच नडलंच असतं.

कवचाची पाळी फलनानंतर. मिनिटाभरात पातळ आवरण अंड्यापासून सुटून वर उठतं, आणि हायड्रोजन पेरॉक्साइडच्या मदतीने त्यातली प्रथिनं एकमेकांना घट्ट जोडली जाऊन त्याचं कवच बनतं. लाटांच्या घुसळणीत विभागणाऱ्या पेशींना एकत्र ठेवणं जेलीला जमणारं नाही, ते कवचच करतं. पुढे गर्भ स्वतःच विकर (एन्झाइम) सोडून ते विरघळवतो आणि पोहत बाहेर पडतो.