घरून बंदुकांचा जोडधंदा : ०१ घ्यावं, ०७ घ्यावं की नुसतं ०३? (टेक्ससमधून)

रेंजवर दर दोन-तीन महिन्यांनी एखादा मराठी माणूस भेटतोच, ग्रीन कार्ड नुकतंच झालेलं, पहिलं पिस्तूल घेऊन वर्ष झालेलं, आणि प्रश्न ठरलेला. "अहो एफएफएल काढलं तर होलसेल भावात मिळतात ना? आपल्याला पण घेता येतील, आणि साइडला चार विकता पण येतील, काय म्हणता?" एफएफएल म्हणजे बंदुकांचं फेडरल लायसन्स, आणि ०१, ०७, ०३ हे त्याचे प्रकार. मी घरून तीन वर्षं ०१ चालवलंय. दिवसा आयटीची नोकरी, संध्याकाळी सहा ते नऊ गॅरेजशेजारच्या खोलीत "दुकान". एक टर्म पूर्ण केली, रिन्यू नाही केलं, आता माझ्याकडे फक्त ०३ आहे. म्हणजे बाजू कुठे झुकणार ते आधीच सांगून टाकलं, पण ०१ आणि ०७ कोणाला शोभतं तेही सांगतो कारण काही लोकांना ते खरंच शोभतं.

आधी व्हिसाचं. एच-वन-बी वर असाल तर धंदा विसराच, त्या व्हिसावर स्पॉन्सर कंपनीचं सोडून दुसरं काम चालत नाही, आणि त्यात नॉन-इमिग्रंट माणसाला बंदूक जवळ बाळगायलाच मुळात बंदी आहे, हंटिंग लायसन्ससारखे काही अपवाद सोडून. ग्रीन कार्ड किंवा सिटिझन असाल, वय २१ पूर्ण असेल, तर पुढे वाचा.

तीन प्रकार थोडक्यात. ०१ म्हणजे डीलर, विकत घ्या विका, दुरुस्ती पण यातच येते. फी तीन वर्षांना २०० डॉलर, नंतर रिन्यूअल ९०. ०७ म्हणजे मॅन्युफॅक्चरर, तीन वर्षांना १५०, रिन्यूअल पण १५०. आणि गंमत अशी की ०७ वाल्याला डीलरचं सगळं करता येतं, वेगळं ०१ काढावं लागत नाही. ०३ म्हणजे कलेक्टर, तीन वर्षांना फक्त ३० डॉलर, पण यावर धंदा करता येत नाही, आणि बंदुका पण फक्त "क्युरिओ अँड रेलिक" वाल्या, म्हणजे ५० वर्षांपेक्षा जुन्या आणि मूळ रूपात असलेल्या, किंवा एटीएफच्या (हे लायसन्स देणारं फेडरल खातं) यादीत नाव असलेल्या.

आता फीचे आकडे बघून लोक लगेच म्हणतात की ०७ स्वस्त आणि जास्त पण देतंय, मग ०१ कोण घेईल. मी पण हेच म्हणलो होतो. पण ०७ घेतलं की तुम्ही कारखानदार. सुटे पार्ट आणून एआर रायफली जोडून विकल्या की ती तुमची बनावट, त्यावर तुमचं नाव, गाव, राज्य, सिरियल नंबर ठराविक खोलीचा कोरायचा, दर वर्षी १ एप्रिलच्या आत उत्पादनाचा रिपोर्ट द्यायचा, एकही बंदूक बनवली नसेल तरी शून्य लिहून द्यायचा. वर्षाला ५० पेक्षा कमी बनवत असाल तर एक्साइजमधून सूट आहे, नाहीतर पिस्तुलावर १० टक्के आणि रायफलवर ११ टक्के. मार्च २०२० पर्यंत तर स्टेट डिपार्टमेंटकडे नोंदणीचं झेंगट पण होतं, नंतर साध्या सेमी-ऑटो बंदुका कॉमर्स डिपार्टमेंटकडे गेल्या त्यामुळे छोट्या ०७ वाल्यांना मोकळा श्वास मिळाला. पण सायलेन्सर बनवायचा विचार असेल तर ती नोंदणी अजून आहेच आणि जानेवारी २०२५ पासून तिची वर्षाची फी ३,००० डॉलर झालीये. वर एसओटी, म्हणजे सायलेन्सरसारख्या मालाच्या धंद्यावरचा खास टॅक्स, छोट्याला ५००, दर वर्षी, वर्ष सुरू होतं १ जुलैला आणि तुम्ही मे महिन्यात भरला तरी पूर्णच भरायचा. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

तरी पण. १ जानेवारी २०२६ पासून सायलेन्सरवरचा गिऱ्हाइकाचा २०० डॉलरचा टॅक्स शून्य झालाय, त्यामुळे ०१ वर एसओटी घेऊन नुसते विकायचे हा हिशोब आता काहींना जमेल. त्यासाठी वर्षाला ५०० भरून किती विकले जातील ते आधी कागदावर मांडा, मनात नको.

ज्याच्याकडे हात आहे, म्हणजे खरोखर लेथ, मिल, सेराकोटची (बंदुकीवरच्या लेपाची) भट्टी वगैरे गॅरेजात आहे आणि रविवारची दुपार तिथेच जाते, त्याने ०७ घ्यावं. बाकीच्यांनी १५० विरुद्ध २०० एवढ्यावर निर्णय घेऊ नये, तीन वर्षांत ५० डॉलरचा फरक म्हणजे एक जेवण.

आता ०१ मध्ये पैसा कुठे असतो ते. नवीन पिस्तूल विकून नाही, हे पहिल्या दोन महिन्यांत कळलं. मोठी दुकानं ज्या भावात विकतात त्याच्या आसपासच तुमचा होलसेल भाव येतो, काही डिस्ट्रिब्युटर घरच्या पत्त्याला दारातच उभं करत नाहीत, दुकानाच्या पाटीचा फोटो मागतात, आणि पेपालसारखी मंडळी बंदुकीच्या पैशाला हातच लावत नाहीत त्यामुळे कार्ड मशीन वेगळं शोधावं लागतं. पैसा असतो ट्रान्सफरमध्ये. माणूस ऑनलाइन कुठूनतरी बंदूक घेतो, ती त्याच्या घरी येऊ शकत नाही, तुमच्याकडे येते, तुम्ही खरेदीदाराचा ४४७३ फॉर्म भरून घेता, एफबीआयच्या निक्सला, म्हणजे गिऱ्हाइकाची पार्श्वभूमी तपासणाऱ्या यंत्रणेला, फोन किंवा ऑनलाइन चेक करता (टेक्ससमध्ये एलटीसी, म्हणजे पिस्तूल बाळगायचं राज्याचं लायसन्स, असलेल्याला हा चेक लागत नाही, पण फॉर्म लागतोच), "प्रोसीड" आलं की बंदूक हातात. मी २५ डॉलर घ्यायचो. महिन्याला पंधरा-वीस व्हायच्या. हिशोब करा, इन्शुरन्स वजा करा (घराची पॉलिसी धंद्याला सहसा धरत नाही), सेफचे पैसे वजा करा, जे उरतं त्यात माझ्या मुलीची गाण्याची शिकवणी निघायची, एवढंच.

आणि त्या २५ डॉलरमागे काय असतं बघा. आलेली बंदूक पुढचा कामाचा दिवस संपायच्या आत वहीत चढली पाहिजे, गेलेली सात दिवसांत. एकाच माणसाला पाच कामाच्या दिवसांत दोन पिस्तुलं गेली की वेगळा रिपोर्ट. चोरी झाली, हरवली, तर ४८ तासांत कळवायचं. आणि ट्रेस रिक्वेस्ट, म्हणजे कुठे गुन्ह्यात बंदूक सापडली आणि ती तुमच्या हातून गेलेली होती, तर २४ तासांत उत्तर. मला तीन वर्षांत एकदाच आला, बुधवारी सकाळी अकराला, मी ऑफिसात स्प्रिंट रिव्ह्यूमध्ये, आणि वही घरी सेफमध्ये. जेवणाच्या सुट्टीत चाळीस मिनिटं गाडी मारत घरी आलो. नोकरीवाल्याने हा सीन आधीच डोळ्यासमोर आणावा. एटीएफचा इन्स्पेक्टर, ज्याला सगळे आयओआय म्हणतात, वर्षातून एकदा वॉरंटशिवाय येऊ शकतो. माझ्याकडे आला तेव्हा दोन नोंदी उशिरा चढवलेल्या सापडल्या, दिवाळीच्या आठवड्यातल्या. चूक माझीच. लेखी शेरा मिळाला, पुढे काही झालं नाही, पण त्या रात्री बायकोने विचारलं, हे सगळं महिन्याला किती रुपयांसाठी चाललंय, आणि मी गप्प बसलो.

"स्वतःसाठी होलसेलमध्ये" वाल्यांना वेगळं सांगायला हवं. स्वतःसाठी ठेवलेली बंदूक पण आधी धंद्याच्या वहीत येते आणि मग तुमच्या नावावर निघते, एलएलसी काढली असेल तर स्वतःलाच ४४७३ भरायला लागतो. आणि फक्त स्वतःसाठी हवं असेल तर एटीएफ ०१ देतच नाही, धंदा करण्याचा इरादा असावा लागतो, दुकानाची वेळ लिहून द्यावी लागते, पाहणी होते. एके काळी चालायचं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत तीन वर्षांना ३० डॉलरमध्ये लायसन्स मिळायचं आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावरून विकणारे डीलर गल्लोगल्ली होते. १९९३ मध्ये फी २०० झाली, १९९४ मध्ये फोटो, बोटांचे ठसे आणि स्थानिक नियम पाळतो याची हमी आली, लायसन्सांची संख्या धाडकन खाली आली.

तर असल्या हौशी माणसाला माझं सरळ उत्तर ०३. ठसे नाहीत, दुकानाची वेळ नाही, गिऱ्हाईक नाही. वही ठेवायची, तेवढंच. आणि जुनी बंदूक दुसऱ्या राज्यातून थेट घरी येते. माझी पहिली ०३ वरची खरेदी म्हणजे आपल्या इशापूरची २ए१, ७.६२ ची, साठच्या दशकातली, वर आरएफआय (रायफल फॅक्टरी इशापूर) कोरलेलं आणि अशोकस्तंभाचे सिंह. बंगालमध्ये बनलेली रायफल सरप्लसमध्ये अमेरिकेत आली आणि डॅलसजवळच्या एका घरात मराठी माणसाच्या भिंतीवर लागली, तिचा आनंद मला ०१ च्या तीन वर्षांत एकदाही नाही मिळाला. हां, कलेक्शनमधली एखादी विकून दुसरी घेणं चालतं, पण नफ्यासाठी घे-विक सुरू केली की तो धंदा, त्याला ०१ लागतं. २०२२ च्या कायद्याने ही व्याख्या अजून कडक झाली आहे.

एक गोष्ट तिन्ही लायसन्सना लागू, आणि आपल्या लोकांत हमखास होते म्हणून लिहितो. ओळखीचा कोणी म्हणतो, "माझा व्हिसा अडतो, तुझ्या नावावर घे, पैसे मी देतो." हसत म्हणतो, पाहुणचार समजून म्हणतो. याला स्ट्रॉ पर्चेस म्हणतात, २०२२ पासून याच्यावर स्वतंत्र फेडरल कलम आहे आणि शिक्षा १५ वर्षांपर्यंत. डीलर असताना हे काउंटरच्या पलीकडून ओळखायची जबाबदारी तुमची असते, मावसभाऊ असला तरी नाही म्हणता आलं पाहिजे. मला दोनदा म्हणावं लागलं. त्यातला एकजण अजून गणपतीत भेटला की मान फिरवतो.

राज्याचा फरक पण मोठा. टेक्ससमध्ये राज्याचं वेगळं डीलर लायसन्स नाही, सेल्स टॅक्स परमिट काढलं की झालं. न्यू जर्सी, कॅलिफोर्निया, इलिनॉयवाल्या मंडळींना राज्याचं लायसन्स किंवा सर्टिफिकेट वेगळं, माझ्या हिशोबाने तिकडे घरून ०१ चालवणं म्हणजे नोकरीशेजारी दुसरी नोकरी.

आणि ०१ किंवा ०७ चंच पक्कं असेल तर फॉर्म ७, म्हणजे लायसन्सचा अर्ज, भरायच्या आधी पत्ता सोडवा. भाड्याने राहत असाल तर मालकाची परवानगी, एचओए (घरमालकांची सोसायटी) असेल तर त्यांचे कागद, शहराच्या हद्दीत असाल तर होम ऑक्युपेशनचे, म्हणजे घरून धंद्याचे, नियम. शहराच्या हद्दीबाहेर टेक्ससच्या काउंट्यांना झोनिंगचे (कुठे कुठला धंदा चालेल ते ठरवायचे) अधिकार जवळजवळ नाहीत त्यामुळे तिथे सोपं जातं, ह्यूस्टनला तर झोनिंगच नाही, पण तिथेही डीड रिस्ट्रिक्शन (जागेच्या कागदातल्या अटी) बघा. एटीएफला पूर्ण भरलेला फॉर्म मिळाला की ६० दिवसांत निर्णय द्यायचा असतो, माझं पन्नासेक दिवसांत झालं. खरा वेळ गेला शहराच्या प्लॅनिंग ऑफिसात. तिथल्या बाईंनी फार शांतपणे मला घरगुती बेकरीवाल्यांना देतात तोच फॉर्म दिला, ज्यात एक प्रश्न होता, "वासाचा शेजाऱ्यांना त्रास होईल का?" मी "नाही" लिहिलं, त्यांनी शिक्का मारला.