ढेकणांवर डायटोमेशियस अर्थ पावडर, दीड महिना वापरून सांगतोय

भाड्याच्या फ्लॅटमध्ये ढेकूण निघाले, दोनदा फवारणी करून घेतली, दोन्ही वेळा पंधरा दिवसांत परत चावे सुरू. पोराचे हात बघवत नव्हते. मग वाचत बसलो तेव्हा कळलं की फवारणीचं औषध किड्याच्या कवचातून आत शिरलं तरच काम करतं, आणि सिडनीच्या संशोधकांनी 2016 मध्ये दाखवलंय की जे ढेकूण औषधाला जास्त वेळ दाद देत नाहीत त्यांचं कवचच जाड असतं.

ही पावडर त्या कवचावरच काम करते म्हणून मागवली. डायटम नावाच्या सूक्ष्म शेवाळांचे सिलिकाचे जुने सांगाडे दळलेले असतात, बाकी काही नाही. कीटकाच्या कवचावर मेणाचा अगदी पातळ थर असतो, अंगातलं पाणी उडू नये म्हणून, पावडर ते मेण शोषून घेते, थोडं खरवडते पण, आणि किडा सुकून मरतो. आजी धान्याला राख चोळून ठेवायची त्यातलाच प्रकार.

जास्त टाकू नका!! ढीग दिसला की ढेकूण वळसा घालून जातो. रंगाच्या ब्रशने दिवाणाच्या सांध्यात, प्लायच्या फटीत, भिंतीच्या कडेला इतकीच लावा की बोट फिरवल्यावर जेमतेम पांढरं लागेल. गादीवर नाही. चादरी, उशांचे अभ्रे कडक गरम पाण्यात धुवायचेच.

पहिले दहा दिवस काहीच फरक नाही, धीर सुटतो. अंड्यांवर हिचा असर नाही, पिल्लू बाहेर येऊन पावडरीवरून चाललं पाहिजे, पण ते येतंच कारण मोठं होईपर्यंत पाच वेळा कात टाकतं आणि प्रत्येक वेळी आधी रक्त प्यावं लागतं. म्हणून मी जुन्या काती सगळ्या झाडून काढल्या आणि रोज रात्री टॉर्च मारून गादीच्या शिवणी बघायचो, नवीन पोकळ तपकिरी टरफल दिसलं की समजायचं अजून आहेत. पाचव्या आठवड्यापासून एकही नाही, चावे पण बंद.

ओली झाली की उपयोग शून्य, फरशी पुसताना जपा, आणि दमट पावसाळ्यात असर कमी होतो. फूड ग्रेडच घ्या, स्विमिंग पूलच्या फिल्टरवाली भाजलेली असते, ती फुप्फुसांना वाईट.

5 पैकी 4. एक स्टार कापला कारण पाकिटावर मास्कबद्दल एक शब्द नाही, आणि धूळ इतकी बारीक आहे की लावताना मास्क लागतोच, घरात कुणाला दमा असेल तर त्यांना आधी दुसऱ्या खोलीत बसवा.