फ्लोराइड सोडणारे सिमेंट : चौदा महिन्यांचा अनुभव

दाढेत भरलेल्या ग्लास आयोनोमर सिमेंटचा एक कोपरा गेल्या आठवड्यात जेवताना निखळला आणि जिभेला जी धार लागली, तिच्यामुळेच हे लिहायला बसलो आहे. हे सिमेंट ठिसूळ असते, चावण्याच्या जागी ते फार टिकत नाही, हे दंतवैद्यांनी आधीच सांगितले होते. परंतु दाढही भरली जाईल आणि त्यातून झिरपणारे फ्लोराइड पुढची कीडही रोखेल, अशा दुहेरी बचतीच्या हिशेबाने मी कंपोझिट, म्हणजे दाताच्या रंगाचे रेझिनचे भरण, नाकारले.

फ्लोराइड भरपूर सुटते ते पहिल्या एक-दोन दिवसांत. नंतर त्याचे प्रमाण झपाट्याने उतरून अगदी अल्पावर स्थिरावते, हे कळले तेव्हा मी चांगलाच चिडलो. जंतुनाशक गुणाचेही तेच. ओल्या सिमेंटची आम्लता जंतूंना मारक ठरते, पण घट्ट झाल्यावर ती ओसरते आणि उरलेल्या फ्लोराइडचा स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स या दात किडवणाऱ्या जंतूवर तोंडात फारसा वचक राहत नाही.

हे मत मला पुढे थोडे बदलावे लागले, कारण हे सिमेंट टूथपेस्टमधील फ्लोराइड शोषून घेते आणि हळूहळू परत सोडते. मी मात्र दात घासून झाले की तीन-चार खळखळून चुळा भरत असे, म्हणजे विकत घेतलेले फ्लोराइड रोज बेसिनमध्ये ओतत होतो! आता फक्त थुंकतो.

खरा राग आहे तो खरखरीतपणाचा. सहाव्या महिन्यात, अधिक फ्लोराइड मिळावे म्हणून मीच हट्टाने जेल लावून घेतले. ते आम्लयुक्त फॉस्फेटचे होते आणि असे जेल या सिमेंटमधील काचेचे कण खाते, ही गोष्ट लावणाऱ्यांनी सांगितली नाही. दुसऱ्या दिवसापासून जिभेला पॉलिश पेपर लागावा तसा पृष्ठभाग लागू लागला. अशा पृष्ठभागावर जंतूंचा थर अधिकच चिकटतो, म्हणजे ज्यासाठी पैसे मोजले त्याच्या नेमके उलट! जेल घ्यायचेच असेल तर उदासीन, म्हणजे आम्ल नसलेले, सोडियम फ्लोराइडचे मागावे.

परवा वरचा थर काढून तेथे कंपोझिट भरले. हिरडीकडच्या कडेला मात्र, तेथे फ्लोराइड झिरपत राहावे म्हणून, सिमेंट तसेच उघडे ठेवण्याचा आग्रह माझा होता. बिल दुसऱ्यांदा भरले, आणि जीभ अजूनही तीच जागा चाचपते.