आठ महिने, सहा पोरं आणि एक क्लच: २०० सीसी ऑफरोड गाडीचा वापरानंतरचा अनुभव

गाडीचे आकडे सगळ्यांना तोंडपाठ आहेत, ते परत लिहीत नाही. पुढे २१ इंची चाक, मागे १८, टायर ट्यूबचे, एवढं पुरे. मी लिहितोय ते क्लचबद्दल, कारण माझी झोप त्यानेच घालवली.

आधी गाडी कशाला घेतली ते सांगतो. मी बेळगावात उद्यमबागेत फिटर आहे. आमच्या गल्लीतली सहा पोरं शाळा सोडून दिवसभर कट्ट्यावर बसायची. दोघांची नावं गाडीचोरीत ठाण्यापर्यंत गेलेली. उपदेश करणारा दिसला की ती पळतात, गाडी दिसली की थांबतात. म्हणून आम्ही तिघा मित्रांनी वर्गणी काढून ही जुनी गाडी घेतली. दर रविवारी खानापूर रोडला मित्राच्या पडीक माळावर, कुंपणाच्या आत चालवतो. अठराच्या आतल्या कुणालाही ती रस्त्यावर नेऊ देत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पोरगं सापडलं तर पालकाला २५,००० रुपये दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि या घरांत अडीच हजार काढायचे म्हटले तरी मारामार. भीमगड अभयारण्याच्या बाजूलाही फिरकत नाही.

पहिला धडा सावकाश जायचा. तीस पावलांचा पट्टा आखायचा, मोबाइलवर वेळ लावायची, ज्याला जास्त वेळ लागेल तो पहिला. पाय टेकला की बाद. पोरांना आधी थट्टा वाटली. पण रेस पिळणाऱ्याला तीस पावलं हळू जाता येत नाही. हाफ क्लच, म्हणजे लिव्हर अर्धाच दाबलेला, मागचा ब्रेक हलका, नजर लांब. चाकाकडे बघितलं की गाडी आडवी. दहा मिनिटं एका जागी न टिकणारं पोरगं आपल्या पाळीसाठी दोन तास उन्हात उभं राहतं, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

पडापडीत पहिल्याच महिन्यात चार क्लच लिव्हर तुटले. दर वेळी दोनशेच्या आसपास, माझ्या खिशातून. मग एका जुन्या मेकॅनिकने सांगितलं, क्लॅम्पखाली हँडलला टेफ्लॉन टेप गुंडाळ आणि बोल्ट इतकाच आवळ की जोर लावला तर लिव्हर फिरेल. आता गाडी पडली की लिव्हर मोडत नाही, फिरून बसतो. सात महिन्यांत एकच तुटला. नळाला लावायची टेप ती, किंमत किरकोळ. असली गाडी घेतली असेल तर आजच करा.

पाचव्या महिन्यात भर पावसात, तांबड्या चिखलात, गाडी रेस घ्यायला लागली पण पुढे सरकेना. जळका वास. वॉरंटी शिल्लक होती म्हणून सर्व्हिस सेंटरला नेली. उत्तर काय, तर "तुमच्या पोरांनी हाफ क्लच मारून प्लेटा जाळल्या, वॉरंटीत बसत नाही." साडेतीन हजारांचं बिल. मी तावातावाने भांडलो. बिलापेक्षा जास्त लागली ती तिथल्या माणसाची पोरांकडे बघायची नजर. तरी घरी आल्यावर राग मी पोरांवरच काढला, एक रविवार बंद ठेवला आणि गाडी विकायची जाहिरातही टाकली. ते चुकलंच माझं.

नव्या प्लेटा बसून गाडी आली, तेव्हा सगळ्यात कमी बोलणारा पोरगा लिव्हर दोन बोटांनी हलवत होता.

"मामा, ह्याला प्लेच नाही की. सोडलं तरी केबल ताणल्यालीच हाय."

हात लावून बघितलं. खरंच. टोकाला १० ते १५ मिमी मोकळी हालचाल हवी, इथे शून्य. म्हणजे लिव्हर सोडला तरी क्लच पूर्ण बसत नाही, प्लेटा घासतच राहतात. हाफ क्लचने प्लेटा झिजतात हे मला मान्य आहे, पण एवढ्या लवकर जळत नाहीत. मागच्या सर्व्हिसचं जॉबकार्ड काढलं. त्यावर स्पष्ट लिहिलेलं, 'क्लच केबल ॲडजस्ट'. म्हणजे त्यांनीच आवळली होती, आणि नव्या प्लेटांनंतरही तशीच ठेवली.

दुसऱ्या दिवशी त्या पोराला घेऊनच गेलो. मला कन्नड धड येत नाही, त्याला कट्ट्यावर राहून अस्खलित येतं. त्याने मेकॅनिकला लिव्हर धरून सगळं समजावलं. मेकॅनिक गप्प ऐकत होता. मजुरी परत मिळाली, प्लेटांचे पैसे नाही. त्यावर माझा राग अजून आहे.

बाकी सस्पेन्शन उत्तम, ॲव्हरेजची तक्रार नाही. ट्यूब मात्र जांभ्याच्या दगडांवर दोनदा फुटली, स्पेअर जवळ ठेवा.

विकायची जाहिरात काढून घेतली. आता गाडी माळावर उतरायच्या आधी तोच पोरगा पट्टी लावून प्ले मोजतो आणि वहीत लिहितो. गेल्या रविवारी १२ मिमी. पुढच्या महिन्यात त्याला अठरा पूर्ण होतात. लर्निंग लायसन्सची फी आम्ही निम्मी-निम्मी भरायची ठरलंय.