वाळवीसाठी बोलवावे, पुस्तकांपासून दूर ठेवावे: वाचनालयातील कीडनियंत्रण सेवेचा अनुभव

लातूर जिल्ह्यातील तालुक्याच्या गावी असलेल्या आमच्या सार्वजनिक वाचनालयाने एका खाजगी पेस्ट कंट्रोल संस्थेशी वर्षभराचा करार केला होता. त्याची मुदत आता संपत आली आहे. कार्यकारिणीचा सदस्य म्हणून माझे मत असे की, वाळवीसाठी या मंडळींना जरूर बोलवावे. पुस्तकांच्या कपाटांपाशी मात्र त्यांना फवारणीचा पंप घेऊन जाऊ देऊ नये.

आमची इमारत काळ्या जमिनीवर उभी आहे. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि त्या ओढाताणीत भिंत व फरशी यांच्या सांध्यात पडणाऱ्या फटींतून वाळवीला आयती वाट मिळते. संदर्भ विभागाच्या जुन्या चौकटीवर मातीच्या नळ्या पार छतापर्यंत चढल्या होत्या. चौकटीवर वरवर औषध मारून बिल हातात ठेवण्याचा प्रकार या संस्थेने केला नाही, हे मान्य केलेच पाहिजे. भिंतीलगत साधारण फुटाफुटावर 12 मिलिमीटर व्यासाची छिद्रे पाडून त्यांतून औषध थेट जमिनीत उतरवले गेले. बांधून झालेल्या इमारतींसाठी भारतीय मानक 6313 च्या तिसऱ्या भागात हीच पद्धत सांगितलेली आहे. शहाबादी फरशीला तडा जाऊ नये म्हणून कारागिराने जमेल तेथे सांध्यातूनच ड्रिल चालवले आणि नंतर प्रत्येक छिद्र पांढऱ्या सिमेंटने बुजवले. औषध इमिडाक्लोप्रिड 30.5 टक्के होते, लिटरभर पाण्यात 2.1 मिलिलिटर या प्रमाणात. वाळवीला त्याचा वास येत नाही, त्यामुळे ती त्या मातीतून बिनधास्त ये-जा करते आणि विष अंगावर घेऊन वारुळात पोचवते. म्हणूनच परिणाम दिसायला वेळ लागतो, आणि सुरुवातीच्या दिवसांत वाळवी हलताना दिसली तरी पैसे पाण्यात गेले असे समजू नये. त्या चौकटीवर पुन्हा नळी दिसलेली नाही.

कसरीच्या, म्हणजे पुस्तके कुरतडणाऱ्या चंदेरी किडीच्या (सिल्व्हरफिश) बाबतीत मात्र याच संस्थेने स्वयंपाकघर आणि ग्रंथालय यांत काही फरक केला नाही. जुन्या नियतकालिकांचे बांधीव खंड खालच्या फळीवर होते. त्यांची बांधणी खळीची, आणि कसरीला खळ फार प्रिय. पूर्वीचे बांधणीकार खळीत विषारी मोरचूद घालत ते उगीच नव्हे. फवारणीसाठी आलेल्या मुलाने हे खंड बाहेर न काढता, त्यांच्या पुठ्ठ्यांवरून ओल उतरेपर्यंत पंप फिरवला. लाल कापडी पाठीचा रंग सुटून कडेच्या पानांत झिरपला आणि वाळल्यावर पानांवर लाटेसारखे तपकिरी डाग राहिले. शिवाय कसर पाठीच्या पोकळीत लपलेली असते, तेथवर फवारा पोचतच नाही; पोचते ती ओल, आणि ओलीमागून बुरशी. बोटाला थुंकी लावून पान उलटणारे वाचक आमच्याकडे अजून पुष्कळ आहेत, त्यांच्या तोंडात काय जाईल याचा विचारही झाला नव्हता.

कोणते औषध मारले असे ग्रंथपालांनी विचारले, तेव्हा समोर आला तो लेबल नसलेला कॅन. मूळ बाटलीवर विषारीपणा दाखवणारा त्रिकोण असतो: लाल सर्वांत घातक, त्याखालोखाल पिवळा, निळा आणि हिरवा. तो पाहिल्याशिवाय आणि औषधाचे नाव बिलावर लिहून घेतल्याशिवाय कोणत्याही संस्थेला काम सुरू करू देऊ नये. दर चौरस फुटावर ठरलेला होता. सगळी गोम बहुधा तेथेच आहे, कारण त्या हिशेबात फरशी मोजली जाते, पुस्तके नाहीत.

तिमाही भेटी ठरलेल्या असूनही ऐन पावसाळ्यातील भेट आठवण करून दिल्यावरच झाली. खरे तर आपल्याकडचा कोरडा उन्हाळा कसरीला मानवत नाही. तिचे फावते ते हवेत ओल असते तेव्हा. झुरळांसाठी कोपऱ्यांत लावलेली जेल मात्र उत्तम लागू पडली. तिचा ना वास, ना शिंतोडे.

फवारणीनंतर आम्ही कपाटे भिंतीपासून चार बोटे पुढे ओढली, तळची फळी रिकामी केली आणि शिपाईकाकांना ओल्या फडक्याऐवजी मऊ ब्रश दिला. देणगीत आलेले गठ्ठे आता थेट कपाटात जात नाहीत. पाने झटकून, भुसा पडतो का ते पाहून मगच त्यांची दाखल नोंद होते. संशय आलेली पुस्तके प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून उणे 20 अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये आठवडाभर ठेवतात. आमच्या चौकातील आइस्क्रीमवाल्याने त्यासाठी एक कप्पा दिला, त्याबद्दल त्याचे आभार. यांतले एकही काम संस्थेने सुचवले नव्हते.

नूतनीकरणाच्या पत्रात आम्ही वाळवीची हमी आणि झुरळांची जेल एवढेच ठेवले आहे. कपाटांची फवारणी वगळून तेवढी रक्कम कमी करावी, अशी मागणी केली आहे. संस्थेचे उत्तर अद्याप आलेले नाही.