परिवीक्षा की विशेष गृह? मंडळासमोर म्हणणं मांडण्याआधी

मुलाकडून गुन्हा घडल्याचं चौकशीत ठरलं की बाल न्याय अधिनियम, 2015 चं कलम 18 बाल न्याय मंडळाला (मुलांचे खटले पाहणाऱ्या मंडळाला) बरेच मार्ग देतं: समज देऊन घरी सोडणं, गट समुपदेशन, समाजसेवा, दंड, परिवीक्षा (अटींवर, देखरेखीखाली घरी राहणं), विशेष गृह (मुलांना ठेवण्याची सुधारणा संस्था). कुटुंबाची खरी घालमेल शेवटच्या दोघांत होते. कमाल मुदत दोन्हींची सारखीच, 3 वर्षं. नोकरीची भीतीही दोन्हींत सारखीच अनाठायी: कलम 24 नुसार त्या निकालामुळे अपात्रता येत नाही. 16 वर्षांपुढच्या मुलावर बाल न्यायालयात प्रौढ म्हणून खटला चालला असेल, तर मात्र हे संरक्षण नाही.

विशेष गृहात शिक्षण, कौशल्य प्रशिक्षण, समुपदेशन आणि मानसोपचार मिळायला हवेत, असं कायदाच सांगतो. टोळीच्या धाकात असलेल्या मुलाला तिथे काही काळ सुरक्षितताही मिळते. पण पहिल्यांदाच अडकलेल्या मुलाला आत सराईत मुलांची संगत लागते आणि चालू शाळा सुटते. शिवाय ज्या मित्रांत चूक घडली त्यांना नकार द्यायचा सराव आत होत नाही. सुटल्यावर तो त्यांच्यातच परततो.

परिवीक्षेत पालक किंवा मंडळाने मान्य केलेली ‘योग्य व्यक्ती’ मुलाच्या चांगल्या वर्तणुकीचं बंधपत्र (लेखी हमी) लिहून देते. सोबत शाळेत किंवा प्रशिक्षणाला जाणं, व्यसनमुक्ती उपचार, ठरावीक जागी न फिरकणं असे आदेश येऊ शकतात. ही व्यवस्था बहुतेकदा अटींच्या जंजाळात फसते. मंगळवारी सकाळी 11 वाजता देखरेख करणाऱ्या परिवीक्षा अधिकाऱ्याकडे हजेरी आणि त्याच वेळी आयटीआयचं प्रात्यक्षिक, असं झालं की मुलगा एक बुडवणारच. मग कागदावर तो ‘अटी मोडणारा’ ठरतो. त्याचं वेळापत्रक मंडळापुढे ठेवा आणि हजेरीची वेळ आदेशातच बदलून मागा. तीन-चार अटी पुरे. मुळात कमी धोक्याच्या मुलावर कडक पहारा ठेवला, तर तो किरकोळ चुकांतच पकडला जातो.

देखरेख आणि मार्गदर्शन एकाच माणसाकडे देऊ नका. अधिकाऱ्याला अहवाल लिहायचा असतो, त्यामुळे मुलगा त्याच्याशी जपूनच बोलतो. मार्गदर्शक वेगळा हवा: आठवड्याला एक भेट, किमान वर्षभर. दोन महिन्यांत गायब होणारा मार्गदर्शक नसलेलाच बरा, कारण आधीच अनेकांनी हात सोडलेल्या मुलाला ते फार लागतं. काय गुप्त राहील आणि काय अधिकाऱ्याला कळवलं जाईल (जिवाला धोका, नवा गुन्हा), हे पहिल्याच भेटीत मुलासमोर ठरवा.

आमचं मत स्पष्ट आहे: पहिली चोरी, मारामारी अशा प्रकरणांत परिवीक्षाच मागावी. कायद्यानेही संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय मानला आहे. घरातच दारू किंवा मारहाण असेल तर ते लपवू नका. मामा, आत्या किंवा दुसरं कुणी विश्वासू ‘योग्य व्यक्ती’ म्हणून सुचवा. मंडळ पडताळणी करूनच मान्यता देतं, त्यामुळे त्यांची कागदपत्रं आधीच जमवा.

हे सारं सामाजिक तपासणी अहवालात, म्हणजे मुलाच्या परिस्थितीवरच्या अहवालात, यायला हवं. मुलाला पहिल्यांदा मंडळासमोर आणल्यापासून 15 दिवसांत परिवीक्षा अधिकाऱ्याने तो सादर करायचा असतो. तेव्हा शाळेचं पत्र, मार्गदर्शकाची लेखी संमती आणि दुपारी-संध्याकाळी घरी कोण असतं याची माहिती त्यांना पहिल्या आठवड्यातच द्या.