विंडोज ७ वर पायथन आणि व्हीएस कोड: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या भोसरीच्या शॉपमध्ये मोजमापाच्या मशीनला जोडलेला एक पीसी आहे. त्यातल्या डेटा कार्डाचा ड्रायव्हर विंडोज ७ च्या पुढे चालत नाही, आणि कार्ड बदलायचं तर मशीनचं कॅलिब्रेशन पहिल्यापासून करावं लागतं. म्हणून पीसी तसाच राहिलाय. रीडिंग उचलून शिफ्टचा रिपोर्ट काढणारी स्क्रिप्ट (छोटा प्रोग्राम) पायथन या प्रोग्रामिंग भाषेत लिहायचं काम माझ्याकडे आलं, त्याला आता नऊ महिने झाले. माझे पहिले तीन आठवडे वाया गेले. तुमचे जाऊ नयेत म्हणून हे लिहितोय.

वाया गेले ते नव्या आवृत्त्यांच्या मागे लागून. पायथन ३.११ चा सेटअप चालवला, तर त्याने विंडोज ८.१ मागितलं. मग झिप उतरवून एक्झी थेट चालवली, तर ‘एपीआय-एमएस-विन-कोर-पाथ’ने सुरू होणाऱ्या नावाची डीएलएल (प्रोग्रामला लागणारी विंडोजची फाइल) सापडत नाही अशी खिडकी आली. सोबतचा मुलगा ती डीएलएल कुठल्याशा साइटवरून घेऊन विंडोजच्या सिस्टम३२ फोल्डरमध्ये टाकायला निघाला होता, त्याला वेळेवर थांबवलं. कृपा करून असं करू नका. ती फाइल हरवलेली नसते, विंडोज ७ मध्ये ती कधी नव्हतीच. अनोळखी साइटवरची डीएलएल चालू मशीनच्या पीसीत घालणं म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या.

शेवटी ठरवलं की प्रत्येक टूलची विंडोज ७ वर चालणारी शेवटची आवृत्ती घ्यायची आणि तिथेच थांबायचं. काम खऱ्या अर्थाने तिथून मार्गी लागलं. पायथनची ३.८ ही शेवटची मालिका, आणि तयार इन्स्टॉलर मिळतो तो ३.८.१० पर्यंत. कोड लिहायचा एडिटर व्हीएस कोड १.७०.३. क्रोम १०९. गो ही दुसरी भाषा १.२०. कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिटने मात्र फार साथ दिली, २.४६.२ म्हणजे थेट २०२४ पर्यंत. जावास्क्रिप्ट चालवणारा नोड १४ पासून विंडोज ७ दिसला की चालायचं थांबतो. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (विंडोजमधली एक सेटिंग) लावून ती तपासणी टाळता येते, मी महिनाभर तसं चालवलंही, पण शिफ्टचा रिपोर्ट त्याच्या भरवशावर सोडवेना. काढून टाकला.

हे सगळं टाकण्याआधी सर्व्हिस पॅक १ हवाच. त्यावर मायक्रोसॉफ्टचे अपडेट केबी२५३३६२३, केबी२९९९२२६ आणि फाइलींच्या डिजिटल सह्यांच्या तपासणीसाठी केबी४४७४४१९. मी हे उलट्या क्रमाने शिकलो.

सगळ्यात जास्त भीती होती लायब्ररींची (तयार कोडच्या पॅकेजांची), आणि तिथेच सगळ्यात कमी त्रास झाला. पॅकेजला किमान कुठलं पायथन लागतं हे पॅकेज आणून देणारा पिप स्वतः बघतो आणि मागच्या आवृत्तीवर येतो. डेटा हाताळणारं पांडाज मागितलं तर मुकाट्याने २.०.३ आणलं, आकडेमोडीचं नमपाय १.२४.४. व्हीएस कोडची आपोआप अपडेट बंद ठेवा. एक्स्टेंशनच्या जुन्या, जुळणाऱ्या आवृत्त्या अजून मिळतात.

त्रास झाला तो ऑपरेटरांच्या नावांचा. नावं देवनागरीत हवीत हा माझाच आग्रह, कारण ती माणसं रोज तो रिपोर्ट वाचतात. काळ्या खिडकीत नावांच्या जागी चौकोन यायचे, ते चाललं असतं. पण रात्री ठरल्या वेळी काम सुरू करणाऱ्या टास्क शेड्यूलरने स्क्रिप्ट चालवली, आउटपुट लॉग फाइलमध्ये वळवलेला, आणि ‘ज्ञानेश्वर’च्या पहिल्याच अक्षरावर युनिकोड एन्कोड एरर. सकाळी रिपोर्ट कोराच. हाताने चालवलं की सगळं ठीक, रात्री मात्र बंद, यात माझे दोन दिवस गेले. वळवलेला आउटपुट विंडोजच्या जुन्या कोड पेजमध्ये (अक्षरांच्या तक्त्यात) लिहिला जातो, त्यात देवनागरी बसत नाही. ‘पायथनयूटीएफ८’ हे व्हेरिएबल १ केलं आणि सुटलं. नव्या विंडोजवरही हे होऊ शकतं, दोष एकट्या ७ चा नाही.

आणखी एक सवय बदलावी लागली. घरच्या लॅपटॉपवर ३.१२ आहे. तिथे मॅच-केस ही नवी रचना वापरून लिहिलेला कोड इथे पहिल्या ओळीलाच सिंटॅक्स एरर देतो, रिमूव्हप्रिफिक्स हे फंक्शनसुद्धा नाही. आता लॅपटॉपवरही वेगळं ३.८ ठेवलंय आणि आधी त्यावरच तपासतो.

मग हे वापरावं का? स्क्रिप्ट चालवायला, निश्चिंतपणे. कोड लिहायला, नाइलाज असेल तरच. आणि इंटरनेट जोडून, अजिबात नाही. विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० ला संपला, पैसे भरून मिळणारे सुरक्षा अपडेटही जानेवारी २०२३ ला थांबले. क्रोम १०९ तेव्हापासून तसाच आहे, आणि पायथन ३.८ चीही मुदत ऑक्टोबर २०२४ मध्ये संपली. त्यामुळे पिप डाउनलोडने लागणारी सगळ्या व्हील फाइल (पॅकेजच्या फाइल), सेटअप आणि केबी एका फोल्डरमध्ये उतरवून घेतले, फोल्डरच्या दोन प्रती काढल्या आणि पीसीची नेटची केबल काढून ठेवली. कोड पेन ड्राइव्हवरच्या गिट रेपोतून (कोडच्या साठ्यातून) येतो. परवा हार्ड डिस्क गेली तेव्हा त्या फोल्डरवरून पायथन, गिट आणि स्क्रिप्ट सव्वा तासात परत उभं राहिलं. कार्डाच्या ड्रायव्हरची सीडी शोधायला मात्र अख्खी दुपार लागली, आता तीही त्याच फोल्डरमध्ये कॉपी केली आहे.